परसातला तिसरा वेल

जुलेखा नदाफ स्वभावानं भित्री. रस्ता ओलांडताना नवऱ्याची बाही धरायची, कुकरची शिट्टी वाजायच्या आधीच दोन पावलं मागं सरायची, मुलीचा फोन उशिरा आला की जेवण सोडून बसायची. बियाण्याच्या बाबतीत मात्र तिच्याइतकी धीट बाई भवानी पेठेत दुसरी नव्हती. बोळातलं कुणी गावाला निघालं की ती दारापर्यंत जाऊन सांगायची, "येताना बियाणं आणा की. कसलंही चालंल, फक्त हितल्या मंडईत मिळणारं नको."

घर पुढून मागं लांबट होतं. रस्त्याच्या बाजूला तिच्या नवऱ्याचं, महबूबचं, गाद्या भरायचं दुकान, मग दोन खोल्या, आणि मागं भिंतीला लागून चिंचोळा मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात तिनं रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, फाटक्या गाद्यांच्या खोळी, जे मिळेल त्यात माती भरली होती. तिथं अंड्यासारखी पांढरी वांगी लागायची. जांभळ्या शेंगांची चवळी वीतभर लोंबायची. चौधारी घेवडा, लिंबाएवढी पिवळी काकडी, जवळजवळ काळ्या मिरच्या. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ती बादलीत साठवून कपाकपानं घालायची. पान पिवळं पडलं की तिचाही चेहरा उतरायचा. महबूब हसायचा, "पोरीच्या लग्नातसुद्धा एवढी काळजी केली न्हाईस तू."

पट्ट्याची भिंत कंबरेएवढी होती आणि तिच्या पलीकडं सावित्रम्माचं अंगण होतं. सावित्रम्मा विणकर घरातली, साठी उलटलेली. आयुष्यभर विड्या वळून तिची बोटं वाकडी झाली होती. मुलगा महेश्वर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होता आणि सून अंकिता बालवाडीत शिकवायची. भिंतीवरून वाटी जायची आणि वाटी यायची. जुलेखाच्या बागेतलं पहिलं फळ नेहमी त्या भिंतीवरून पलीकडं जायचं. सावित्रम्मा ते हातात फिरवून म्हणायची, "अय्यो, हे काय नवीन काढलीस?" आणि रात्री शिजवून खायची.

जुलेखाची मुलगी माहेनूर मंगळवेढ्याला दिलेली. तिच्या घराशेजारी गोजाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची नदीकाठी थोडी जमीन. आदल्या वर्षी जुलेखा मुलीकडं गेली तेव्हा गोजाबाईनं तिला मूठभर बिया दिल्या होत्या.

"ह्यो भोपळा खायाचा न्हाय बरं का," ती म्हणाली होती. "लई कडू असतोय. वाळवून तंबोऱ्याला, सतारीला जातो. तू नुसता बघाया लाव."

जुलेखानं तो लावला, आणि शेजारच्याच बादलीत नेहमीचा दुधी लावला. भोपळा माठाएवढा झाला. अख्खा बोळ बघायला आला, पोरांनी त्याच्यावर ताल धरला. त्याच मोसमात तिनं एक चांगला भरलेला दुधी बियांसाठी वेलावरच वाळू दिला. यंदा पावसाच्या तोंडावर त्या बिया पेरल्या आणि तीन वेल वर आले. पहिल्या दोघांना लांब, फिकट हिरवे, नेहमीसारखे दुधी लागले. दोन्ही घरांनी ते खाल्ले आणि वाखाणले. तिसरा वेल उशिरा फळला. त्याची फळं खाली फुगीर, वर निमुळती आणि गडद हिरव्यावर पांढरे ठिपके. जुलेखा रोज सकाळी जाऊन बघायची. असला दुधी तिनं कुठं पाहिला नव्हता, आणि न पाहिलेलं काही आपल्या हातून उगवलं की तिला भीतीचाच विसर पडायचा.

त्या वेलाला दोनच फळं धरली. मोठं तिनं सावित्रम्माला दिलं.

"बरं झालं बघ," सावित्रम्मा म्हणाली. "महेशला साखर निघालीय. अंकितानं मोबाईलमध्ये बघितलं, रोज सकाळी दुधीचा रस प्यायचा म्हणं. हा केवढा मोठाय, दोन दिवस पुरंल."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जुलेखानं धाकटं फळ चिरायला घेतलं. चिरताना एक फोड तोंडात टाकायची तिची सवय होती. फोड दाताखाली आली आणि ती तशीच थांबली. कारलं कडू लागतं, पण ती चव येते आणि जाते. हा कडूपणा जिभेच्या मुळाशी चिकटला आणि घशाकडं उतरू लागला. ती मोरीकडं धावली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. आणि मग तिला ओळख पटली. गेल्या वर्षी तंबोऱ्याचा भोपळा कापताना बोट चुकून जिभेला लागलं होतं. तीच चव.

हात न पुसताच ती मागं गेली. भिंतीपलीकडं सावित्रम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती.

"सावित्रम्मा, कालचा दुधी कापला का हो?"

"अर्धा कापला की. सकाळी रस दिला महेशला."

"प्याला?"

"पूर्ण गिलास. का ग, एवढी घाबरायलीस?"

"कडू म्हणाला का?"

सावित्रम्माचे हात चालूच होते. "म्हणाला की. तोंड वाकडं केलं, ओततो म्हणाला. मी म्हटलं, औषध कडूच असतंय, एका दमात घे. घेतला मग."

जुलेखानं भिंतीचा काठ धरला. "अम्मा, त्याला फोन लावा. आत्ता लावा."

"पर काय झालं?"

"तो दुधी खायचा नव्हता. जहर असतंय ते. फोन लावा आधी."

सूप उपडं झालं. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मागाच्या खडखडाटात महेश्वरला फोन कधीच ऐकू येत नसे, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी जुलेखाला वाटायचं, आता उचलेल आणि वैतागून म्हणेल, काय आहे ग आई, काम सोडून. कुणी उचललं नाही.

जुलेखानं राहिलेलं फळ पिशवीत टाकलं, दुकानाच्या दारातून महबूबला एवढंच ओरडून सांगितलं, "महेशकडं चाललेय," आणि दोघी रिक्षात बसल्या. सावित्रम्मा वाटेत एकसारखी तेच विचारत होती, "कडू तर कारलंबी असतंय की ग? मेथीबी असती." दर सिग्नलला जुलेखाला वाटायचं, उतरून पळत जावं. रिक्षावाल्याला ती दोनदा म्हणाली, "भय्या, जरा जल्दी." तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही, कारण तिचा आवाज फुटत होता.

महबूबचा फोन आला. तिनं घरच्या दखनी बोलीत सगळं सांगितलं. पलीकडं त्यानं गादी भरायचं मशीन बंद केलं.

"सुन," महबूब हळू म्हणाला, "वहाँ कुछ बोलू नक्को. दुधी मंडईतून आणला म्हणू दे त्यांना. दिवस कसले हायत तुला म्हाईत हाय. नदाफाच्या बाईनं जहर घातलं म्हणतील. पुढचं कुणाच्या हातात राहणार न्हाय."

तिनं फोन ठेवला. सावित्रम्मानं विचारलं, "काय म्हणाला?"

"सांभाळून जा म्हणाला."

एमआयडीसीत सगळ्या शेड सारख्याच दिसतात. दोन ठिकाणी चुकून तिसऱ्या फाटकाशी त्या पोहोचल्या. आत माग धडधडत होते, हवेत सुताचे तंतू उडत होते. दारापाशी जमीन नुकतीच धुतलेली होती. तिथल्या एका कामगारानं कानाजवळ तोंड आणून सांगितलं, "महेश्वर? त्याला उलट्या लागल्या की. थांबंचनात. सोबतच्या श्रीमंतनं गाडीवरनं दवाखान्यात नेलं."

सावित्रम्मा तिथंच खाली बसली. जुलेखानं तिला काखेत हात घालून उठवलं. तिच्याही पोटात ढवळत होतं. ते भीतीनं की मघाच्या फोडीनं, ते तिला कळत नव्हतं.

दवाखान्यात महेश्वर एका कुशीवर पडला होता. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. खाली ठेवलेल्या भांड्यात उलटी होती आणि तिच्यात लालसर धारा होत्या. श्रीमंत हा त्याच्याच मागावरचा सोबती. त्याच्या शर्टावर डाग पडले होते. नर्स बीपी मोजत होती, पुन्हा पुन्हा मोजत होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर.

"सकाळपासून पोटात काय गेलं?"

"चहाबी न्हाय घेतला," सावित्रम्मा म्हणाली. "रस तेवढा. दुधीचा."

डॉक्टरचा हात थांबला. "कडू होता?"

सावित्रम्मानं मान हलवली.

"कुठला दुधी? मंडईतून आणला? कुणाकडून? त्याच गठ्ठ्यातला अजून कुणी खाल्ला असेल तर आत्ता कळायला हवं."

सावित्रम्मानं जुलेखाकडं पाहिलं. श्रीमंतही बघत होता. महबूबचं वाक्य जुलेखाच्या कानात होतं, अगदी त्याच्या आवाजात. मंडईतून. एवढाच शब्द म्हणायचा होता. पण डॉक्टर उत्तराची वाट बघत उभी होती आणि बिछान्यावर महेश्वर पोट धरून कण्हत होता. जुलेखानं पिशवी उघडली.

"माझ्या घरचा हाय. मी दिला," ती म्हणाली. "हा त्याच वेलाचा. गेल्या वर्षी शेजारी तंबोऱ्याचा कडू भोपळा लावला होता. मी आत्ता चाखला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणाला दिला न्हाय, दोनच लागले होते."

"तुम्ही गिळला?"

"थुंकला."

"पोटात दुखतंय?"

"ढवळतंय."

"बसा तिथं. तुम्हालाही बघते." मग नर्सकडं वळून, "ह्यांना इथं ठेवून चालणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलवा, मोठ्या हॉस्पिटलला फोन लावा. आतून रक्त चाललंय, प्रेशर अजून पडेल."

श्रीमंतची नजर जुलेखाच्या डोक्यावरच्या ओढणीवर गेली आणि तिथंच थोडी रेंगाळली. "असलं घरचं बियाणं लोकांना वाटत फिरता व्हय?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तिनं सावित्रम्माकडं पाहिलं. सावित्रम्मानं पदर तोंडावर धरला होता. ती जुलेखाच्या बाजूनं बोलली नाही आणि विरोधातही बोलली नाही.

मोठ्या हॉस्पिटलात अंकिता शाळेतून तशीच आली. आयसीयूच्या दारासमोर जुलेखा उभी होती. अंकिता तिच्यापाशी थांबली.

"भाभी, प्रयोग करायचे तर स्वतःच्या घरात करा ना," ती म्हणाली. "आमच्या ताटात कशाला?"

जुलेखाला म्हणायचं होतं, माझ्याही ताटात तेच येणार होतं. पण ते खरं असलं तरी उपयोगाचं नव्हतं. ती जिन्याशी जाऊन बसली. महबूब आला, त्यानं तिचा हात धरून घरी नेलं. वाटेत तो तिच्यावर चिडला नाही, आणि तिला ते जास्त जड गेलं.

घरी येऊन तिनं तिन्ही वेल मुळासकट उपटले. चांगल्या दोघांवर कोवळे दुधी होते, तेही तोडून मातीत गाडले. मग मंगळवेढ्याला फोन लावून माहेनूरला सांगितलं, गोजाबाईला दे.

"दोनी येल जवळ जवळ लावलं व्हतंस?" गोजाबाईनं विचारलं.

"व्हय. शेजारी शेजारी."

"मंग फुलं मिसळली, पोरी. माश्या हिकडनं तिकडं जात्यात. त्या वर्षी फळ गोडच लागतंय, कडूपना बियात उतरतो. आमी तंबोऱ्याचा भोपळा दुधीपासनं लांब लावतो, ती कायमचीच रीत हाय. तुला सांगाया पायजे व्हतं मी. माज्या डोस्क्यातच न्हाय आलं, तू बी धरशील म्हणून." मग म्हातारीनं विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"म्हाईत न्हाय," जुलेखा म्हणाली, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.

पुढचे दिवस तिनं कानांनी काढले. पलीकडच्या अंगणात पाऊल वाजलं की ती भिंतीशी जायची आणि दिसू नये म्हणून वाकून उभी राहायची. पुढं दुकानात कुणी अनोळखी आवाज आला की हातातलं काम टाकून दाराआड यायची. बोळात बोलणं पसरलंच होतं. एक गिऱ्हाईक गादी न घेता परत गेलं. कुणीतरी महबूबला विचारलं, "तुमच्याकडं मागं कसली कसली झाडं लावतात म्हणं?" महबूबनं मागच्या दाराला कडी घातली. बागेला पाणी घालायचं बंद झालं. चवळी वाळली, काकडीची पानं कुरतडलेल्या कागदासारखी झाली, आणि बारीकशा पानासाठी जीव टाकणाऱ्या जुलेखानं तिकडं वळूनही पाहिलं नाही.

नमाज पढताना ती महेश्वरचं नाव घ्यायची. त्याच्यासाठीची दुआ कुठं संपते आणि आपल्या घरासाठीची कुठं सुरू होते, तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

बातमी श्रीमंतनंच आणली. तो दुकानाच्या पायरीशी उभा राहिला, आत आला नाही. "शुद्धीवर हाय. प्रेशर टिकायलंय. जठराला जखमा झाल्यात म्हणाले, पर भरतील." मग दाराशी आलेल्या जुलेखाकडं न बघता म्हणाला, "तुमी तिथं खरं बोललात, डॉक्टर म्हणत होती, त्यामुळं वेळ गेला न्हाय. नायतर मी त्याला इंजेक्शन मारून घरला आणणार होतो." एवढं सांगून तो गेला. महबूबनं हातातली सुई गादीत खोचून ठेवली.

महेश्वर घरी आला तेव्हा जुलेखा दाराच्या फटीतून बघत होती. तो भिंतीला धरून चालत होता, कपडे अंगावर लोंबत होते. जावं की न जावं, यात तिनं दोन दिवस घालवले. शेवटी सावित्रम्माच आली. पुढच्या दारानं आली, जशी ती कधी येत नसे.

दोघी आतल्या खोलीत बसल्या. जुलेखानं पाणी दिलं, ते सावित्रम्मानं नुसतंच धरून ठेवलं.

"अम्मा, मला माफ करा," जुलेखा म्हणाली.

"थांब की." सावित्रम्माचा आवाज घोगरा होता. "तुला वाटत असंल, मी बोलले न्हाय म्हणजे रागात हाय. राग न्हाय ग. तुझ्याकडं कुठल्या तोंडानं बघू? तू दिलास तो दुधी, तुला ठाऊक नव्हतं. तो मात्र ओततो म्हणाला होता. गिलास मोरीपर्यंत घेऊन गेला होता. मी मागं जाऊन त्याच्या हातात परत दिला. उभी राहिले, संपेपर्यंत." तिनं वाकडी बोटं पाण्याच्या पेल्याभोवती आवळली. "तिथं सगळे तुला बोलायले, मी गप बसले. म्हटलं, तुझ्यावर गेलं तर जाऊ दे. माझ्यावर तरी येत न्हाय."

जुलेखा तिच्याजवळ सरकली. बाहेर महबूबनं मशीन सुरू केलं, कापूस उडायला लागला, आणि त्या आवाजात रडणं सोपं गेलं.

त्यानंतर भिंतीवरून बोलणं सुरू झालं, पण वाट्या गेल्या नाहीत. जुलेखानं कुठलाही वेल पुन्हा लावला नाही. हिवाळ्यात पांढऱ्या वांग्याची दोन रोपं मात्र जगली होती, कुणी पाणी न घालता. तिनं त्यांना आळं केलं. वांगी धरली तेव्हा ती रोज एक तोडून कच्चंच चावून बघायची, पोटावर हात ठेवून दुपारपर्यंत थांबायची, मग शिजवायची. महबूब म्हणायचा, "वांगं हाय ते, बाई." तिला ते कळत होतं. तरी ती थांबायची.

एका रविवारी सावित्रम्मानं भिंतीवरून हात पुढं केला. "दे की चार."

"नको, अम्मा."

"दे म्हणते न्हाय का."

जुलेखानं दिली. आणि मग तिला घरात बसवेना. तासाभरानं पीठ मागायचं निमित्त काढून ती पलीकडं गेली. सगळे जेवायला बसले होते. अंकितानं न बोलता तिच्यासाठी पाट सरकवला आणि ताट वाढलं. वाटीत शेंगाचं कूट घातलेली वांग्याची भाजी होती. सावित्रम्मा खात होती. अंकितानं एक घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. जुलेखानं भाकरीचा तुकडा मोडला.

महेश्वरनं वांग्याची फोड चमच्यानं उचलली, थोडा वेळ बघितली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. मग तो डाळ-भात खाऊ लागला. सावित्रम्मा काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच जुलेखा म्हणाली, "राहू दे, अम्मा. त्याला नको वाटतंय तर नको."

महेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. "राग नका मानू भाभी."

"न्हाय रे," ती म्हणाली, आणि तिला खरंच राग नव्हता. त्यानं फोड बाजूला ठेवली आणि या वेळी कुणी त्याला ती खायला लावली नाही, तेव्हा तिच्या छातीवरचा एक दगड तेवढा हलका झाला होता.